कमान नको, सातची खोली उघडा: आमच्या हायस्कूलच्या संस्थाचालकांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि सगळे संचालक,
सप्रेम नमस्कार.

शाळेचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. देवगड-विजयदुर्ग पट्ट्यातल्या माणसाला दोन परिच्छेदांत कळेल आणि बाहेरच्याला कळून काही उपयोग नाही. हेडसरांचं नाव पण लिहीत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही. तसंही आमच्यासाठी ते हेडसरच. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी बाजारात कोणी "हेडसर" अशी हाक मारली की आताचे मुख्याध्यापक नाही, तेच वळून बघायचे.

गेल्या आठवड्यात तुमची नोटीस आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली. हेडसरांच्या पहिल्या पुण्यतिथीला शाळेच्या गेटवर आरसीसी कमान, कमानीवर त्यांचं नाव, बाजूला अर्धपुतळा, उद्घाटनाला मंत्री आणायचं बघताय, आणि प्रत्येक माजी विद्यार्थ्याकडून किमान ५,००० रुपये. खाली क्यूआर कोड. ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला, दोघा-तिघांनी तर लगेच पैसे पाठवून स्क्रीनशॉट पण टाकले. मी पण पाठवणार होतो. पण माझी पुतणी तुमच्याच शाळेत नववीत आहे, तिला सहज विचारलं की सातच्या खोलीत बसतेस ना गं संध्याकाळी, तर ती म्हणाली, "कुठली सातची खोली?"

म्हणून हे पत्र. तुम्हाला खाजगीत पण लिहिता आलं असतं, अध्यक्ष तर शाळेत आम्हाला दोन वर्षं सिनियर, घरी चहाला बोलावतील. पण वर्गणी तुम्ही सगळ्यांकडे उघडपणे मागितलीत, तर प्रश्न पण उघडच असलेले बरे.

जे नंतर शाळेत आले त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वेकडची शेवटची खोली, चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. शाळा सुटते पाचला आणि खाडीकडच्या वाड्यांना जाणारी वस्तीची एसटी येते सातला. आमच्या वेळी असंच होतं आणि आज पण असंच आहे. मधले दोन तास पोरांनी काय करायचं? स्टॉपवर तेव्हा शेड नव्हती, पावसात पोरं टपरीत शिरायची, तिथे मोठ्या पोरांकडून काय काय शिकायची ते इथे लिहीत नाही. आणि मुलींचं तर सातवी झाली की घरचे म्हणायचे बास झालं, काळोखाची कोण आणणार. हेडसरांनी आधी गाडी लवकर सोडा म्हणून अर्ज करून बघितले, डेपोवाले दाद देईनात. मग म्हणाले ठीक आहे, गाडी लवकर येत नाय तर शाळा उशिरा बंद होईल. आणि ती खोली त्यांनी सातपर्यंत उघडी ठेवायला सुरुवात केली. नाव कोणी ठेवलं नाही, सगळे सातची खोली म्हणायला लागले.

सरकारने आता मुलींचा एसटी पास बारावीपर्यंत मोफत केलाय, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना, चांगलीच आहे. पण पास फुकट आणि गाडी सातलाच, तर मधल्या दोन तासांत मुलीने कुठे बसायचं हे कुठल्या जीआरमध्ये नाही. आमच्या गावात त्याचं उत्तर एका माणसाने कधीच काढून ठेवलं होतं, खिशातल्या किल्लीने.

खोलीत दोन लोखंडी कपाटं होती, लालबाग-परळच्या आपल्या ग्रामस्थ मंडळाने वर्गणी काढून घेतलेली आणि एसटीच्या टपावरून गावी आणलेली. पुस्तकं पण बरीचशी चाकरमान्यांनी दिलेली. कोकणात पुस्तक विकत घेणं सोपं, टिकवणं कठीण, हे ज्याच्या घरी कपाट आहे त्याला माहीत आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सगळं दमट, बुरशी धरते, कसर लागते, खालून वाळवी. हेडसर पावसाळाभर कपाटात खालच्या कप्प्यात एक बल्ब पेटता ठेवायचे, ओल राहू नये म्हणून, आणि वीजबिलावरून तेव्हाच्या संचालकांशी वाद घालायचे. डांबर गोळ्या तर होत्याच. पाऊस गेला की ऑक्टोबरच्या कडक उन्हात एक दिवस सगळी पुस्तकं पटांगणात. आठवी-नववीची पोरं ओळीने पुस्तकं मांडायची, पानं सुटलेली वेगळी काढायची, आणि हेडसर स्वतः लई म्हणजे खळ शिजवून, त्यात मोरचूद टाकून कणे चिकटवत बसायचे. त्या लईचा वास अजून माझ्या नाकात आहे. त्या दिवशी अभ्यास होत नसे पण अर्धं पुस्तक मांडता मांडता वाचून व्हायचं, आणि मला वाटतं त्यांना तेच पाहिजे होतं.

दाराजवळ एक वही असायची. जाताना त्यात नाव आणि काय वाचलं ते एका ओळीत लिहायचं. एकाने "चित्रं बघितली" असं लिहिलं होतं. आम्हाला वाटलं आता छडी पडणार. हेडसरांनी लाल पेनाने त्याच्यापुढे बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं, कोणती?

आता माझं. आमचे बाबा लालबागला मिलमध्ये साचा खात्यात, म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, दोन-अडीच लाख कामगार बाहेर, आणि तो संप कसा संपला किंवा कसा संपलाच नाही ते कोकणात घरटी माहीत आहे. आम्ही गावी आलो अर्ध्या वर्षात. मुंबईच्या शाळेत फी थकलेली, त्यामुळे दाखला मिळेना. आज २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, दाखल्याला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. तेव्हा असं काही नव्हतं, दाखला नाही तर पोरगा घरी. बाबा ऑफिसच्या दारात उभे, मी त्यांच्यामागे. हेडसर बाबांना म्हणाले, "दाखलो येतलो तेव्हा येतलो. झीलाक आज वर्गात बसू दे." पुढे ईबीसीचा, म्हणजे फीमाफीचा, फॉर्म पण त्यांनीच भरून घेतला. आणि नुसतं मलाच नाही, बाबांना पण सातच्या खोलीत बसू दिलं. संपाचं काय होतंय बघायला बाबा तिथे नवाकाळ वाचायचे, एक दिवस शिळा, कारण पेपर एसटीने यायचा. त्यांच्यासारखे आणखी चार-पाच गिरणीवाले असायचे. एका बाजूला पोरं गणितं करतायत, दुसऱ्या बाजूला नोकरी गेलेली माणसं गप्प पेपर वाचतायत. कोणी त्यांना काय करतोस, कधी जातोस परत, असं विचारायचं नाही, हा हेडसरांचा दम होता. त्या वर्षात माझ्या बाबांना गावात मानाने बसायला तेवढी एकच जागा होती. म्हणून त्या खोलीला कुलूप लागलं की मला ते घरचं वाटतं.

हेडसर देव नव्हते, उगाच तसं करू नका. छडी चालायची आणि कधी कधी चुकीच्या पोरावर पण चालायची. खेळाचं त्यांना वावडं. कबड्डीची टीम विभागाला जायच्या वेळी प्रीलिमचं कारण काढून त्यांनी अडवली, त्या टीममधला एक जण आज पन्नाशीच्या पुढे आहे आणि अजून बोलून दाखवतो. चिकट पण फार, खडूचे तुकडे गोळा करून डब्यात ठेवायचे. तोंड फटकळ. तुमच्या आधीच्या मंडळाशी त्यांचं पटलं नाही ते पण सगळ्यांना माहीत आहे. शिक्षक भरताना पैसे घ्यायला ते आडवे आले. मी त्यात आणखी शिरत नाही, ती माणसं पण आता नाहीत.

पण एक गोष्ट ते रोज करायचे. सातला गाडी आली की टॉर्च घेऊन स्टॉपपर्यंत पोरांबरोबर जायचे, कंडक्टरला पोरं मोजून द्यायचे, मग परत येऊन खोलीला कुलूप. गाडी आली नाही तर कोणाकोणाच्या घरी झोपायची सोय करायचे, त्यात त्यांचं स्वतःचं घर पहिलं. बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, किती वेळा अचानक दहा जणांची पेज टाकली असेल त्याचा हिशेब कुठल्या कमानीवर लिहिणार आहात?

दहावीच्या निकालाचं तुम्हाला कौतुक आहे, आम्हाला पण आहे. आपण आधी कोल्हापूर बोर्डात होतो, २०१२ पासून रत्नागिरीचं कोकण बोर्ड वेगळं झालं आणि तेव्हापासून दरवर्षी पेपरात "कोकणच अव्वल". २०२५ ला विभागाचा निकाल ९८.८२ टक्के. गेटवर फ्लेक्स लागतो. आमच्या वेळी एवढे टक्के नव्हते हो, पोरं नापास व्हायची, इंग्रजी-गणितात सटासट उडायची. आणि नापास पोराला शाळेत तेव्हा कोणी उभं करत नसे, तो थेट आंब्याच्या बागेत पेट्या भरायला नाहीतर मुंबईला हॉटेलात. सातच्या खोलीत मागचं एक बाकडं फक्त ऑक्टोबरला बसणाऱ्यांचं होतं. २०१५ पासून ती फेरपरीक्षा जुलैत व्हायला लागली, नवीन पोरांना ऑक्टोबरवाले म्हणजे काय ते कळणार पण नाही. त्या बाकड्यावरून उठलेला एक जण आज बोटीवर चीफ इंजिनियर आहे. त्याने कमानीला पैसे पाठवलेत. त्याला खोलीचं माहीत नाही अजून, आता कळेल.

तर आमच्या तक्रारी. शांतपणे लिहितोय, शांतपणे वाचा.

पहिली म्हणजे ती खोली. मी पुतणीला फोटो काढून पाठव म्हटलं, तिने खिडकीतून काढला. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चवड, मंडपाचे बांबू, गेल्या तीन-चार कार्यक्रमांचे गुंडाळलेले फ्लेक्स. कौलं परतलेली नाहीत, भिंतीवरून ओघळ दिसतायत. कपाट एकच दिसतं, त्याचं दार उघडं, आत काही नाही.

मग पुस्तकं कुठे गेली? गावात चौकशी केली तर कळलं की मे महिन्यात टेम्पोतून रद्दीला गेली. वाळवीने खाल्लेली होती असं तुमच्यातल्या एकांनी सांगितलं. असतील काही, सगळी? शाळेच्या वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला असतात, त्या काढायच्या तर निर्लेखनाची रीत आहे, यादी करतात, ठराव होतो. अनुदानित शाळा आहे ही, कोणाचं घरचं दुकान नाही. ती यादी आणि तो ठराव आहे का? आणि "काय वाचलं"च्या वह्या पण त्याच टेम्पोत गेल्या का? त्या वह्यांना रद्दीवाल्याने किलोला काय भाव दिला ते मला खरंच जाणून घ्यायचंय.

मुली. त्यांचं मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं खरं तर. पुतणी आणि तिच्याबरोबरच्या मुली पाच ते सात स्टॉपवर बसतात. आता शेड आहे, तिला एका बाजूला पत्रा नाही. शेजारी वाईन शॉप झालंय. पुतणी म्हणते आम्ही घोळक्याने बसतो काका, काही होत नाही. तिच्या आईला विचारलं तर ती म्हणते दहावी झाली की बघू. सातवी झाली की बास, ते आता दहावी झाली की बघू झालंय, एवढाच फरक पडला काय इतक्या वर्षांत?

तुम्ही लावलेला श्रद्धांजलीचा फ्लेक्स, त्यावर हेडसरांचा फोटो पासपोर्टएवढा आणि भोवताली सगळ्या पदाधिकाऱ्यांचे त्याहून मोठे. शोकसभा झाली तीत बोलायला माजी विद्यार्थी एक पण नाही, शिपाईमामांना तर बोलावलंच नाही, ज्यांनी तीस वर्षं ती खोली झाडली. त्यावर जास्त लिहीत नाही. पण कमान ठरवताना पण तुम्ही कोणाला विचारलं नाहीत, थेट क्यूआर कोड आला.

तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. पट घसरतोय, वाड्या ओस पडतायत, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून सरकार शिक्षकांची पदं ठरवतं त्यात, शिक्षक कमी होतात, आहेत त्या शिक्षकांवर निवडणुकीपासून ऑनलाइन माहितीपर्यंत सगळी कामं, त्यांना सातपर्यंत कसं थांबवणार? बरोबर आहे, त्यांना थांबवूच नका. खोली उघडी ठेवायला बीएड लागत नाही. गावात रिटायर माणसं आहेत, पदवी घेऊन घरी बसलेल्या सुना आहेत. तुमच्याच नोटिशीवरून हिशेब करतो. २०० माजी विद्यार्थ्यांनी ५,००० दिले तर १० लाख. एका माणसाला महिना ६,००० मानधन, लाइटबिल आणि पेपरला १,०००, म्हणजे वर्षाला ८४,०००. त्या १० लाखांत खोली जवळजवळ बारा वर्षं चालते, व्याज धरलेलंच नाही. कमान काय करणार बारा वर्षं? खारी हवा, लोखंड गंजून चौथ्या-पाचव्या पावसात सिमेंट सुटायला लागेल, समुद्रकाठच्या कुठल्या पण बांधकामाकडे बघा.

आणि त्यांना स्वतःला पाट्या आवडायच्या नाहीत हो. मुंबईच्या मंडळाने कपाटावर देणगीदारांची नावं रंगवून पाठवली होती, तर हेडसरांनी कपाटं अशी लावून घेतली की नावं भिंतीकडे. मंडळवाले रागावले, गणपतीत आले तेव्हा भांडण झालं, पण कपाटं फिरली नाहीत. अशा माणसाचं नाव तुम्ही दहा फुटी अक्षरांत गेटवर टाकणार?

आमच्या मागण्या अशा:

१. कमानीचं काम थांबवा. जमलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि ज्यांनी दिलेत त्यांना विचारा, खोलीसाठी चालतील का. ज्यांना परत पाहिजेत त्यांना परत द्या.

२. खोली मोकळी करा, कौलं परतून घ्या, लाइट-पंखे जोडा. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवसापासून पाच ते सात खोली उघडी पाहिजे. सुरुवातीला पुस्तकं नसली तरी चालेल, बसायला बाकडी आहेत.

३. पुस्तकांची निर्लेखनाची यादी आणि ठराव नोटीस बोर्डावर लावा. नसेल तर नाही म्हणून लिहून द्या. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, अनुदान सरकारचं आहे, अर्ज आम्हाला करता येतात, ओरोसला माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांचं ऑफिस पण आम्हाला माहीत आहे. तिथे जायची वेळ आणू नका एवढंच म्हणणं.

४. सातच्या गाडीसाठी संस्थेच्या लेटरहेडवर डेपोला पत्र द्या, सव्वापाच-साडेपाचला एक फेरी मागा. पालकांच्या सह्या आम्ही गोळा करून देतो. मिळेल न मिळेल. पण शेवटचा अर्ज हेडसरांच्या सहीचा आहे, त्यानंतर कोणी केलेला नाही असं मी ऐकलंय, तसं असेल तर बरं दिसत नाही.

५. खोलीवर देखरेखीला पाच जणांची समिती करा, त्यात दोन पालक, त्यातली एक आई, आणि एक माजी विद्यार्थी. संचालक किती ठेवायचे ते तुम्ही ठरवा, आमची हरकत नाही.

नाव द्यायचंच असेल तर खोलीला त्यांचं नाव देऊ नका अशी माझी स्वतःची विनंती आहे, सातची खोलीच राहू दे. बाकी मित्रांचं ह्यावर एकमत नाही, काही म्हणतात नाव पाहिजेच, तर ते समितीत ठरवू.

पुस्तकांचं आम्ही बघतो. मुंबई-ठाण्यातल्या आमच्या बॅचने गणपतीला येताना प्रत्येकाने एक पिशवी आणायचं ठरवलंय. चीफ इंजिनियरला पण निरोप पाठवतोय, तो कपाटांचं बघेल. कपाटं ठेवायला जागा आहे की खुर्च्यांची चवडच राहणार, तेवढं फक्त गणपतीच्या आधी लेखी कळवा. तोंडी नको, तोंडी खूप झालं.

आपला,
एक माजी विद्यार्थी
(सध्या मुक्काम डोंबिवली)